मरणाची रोजकीर्द

४ जून २०२३, रविवार. सकाळी न्हाणीघरात पाय घसरला आणि डाव्या घोट्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं, पाय जमिनीला टेकवायचा नाही असं बजावलं आणि वर "आराम करा" म्हणाले. सोलापूरचा जून, डोक्यावर तापलेला स्लॅब, आणि म्हणे आराम! पहिल्या आठवड्यात मी दोन जुने दिवाळी अंक, एक मालिका आणि सासूबाईंच्या सगळ्या दुखण्यांचा इतिहास संपवला. मग भाचा आला.

बंट्या माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. वय १७, बारावीत जाणारा. क्लास सुरू व्हायला तीन-चार दिवस होते, म्हणून माझ्या पायाची चौकशी करायला त्याला पाठवलेलं. चौकशी त्याने दीडेक मिनिट केली. मग माझ्याच पलंगाच्या कडेला बसून फोनवर "रश कर, रश कर, डावीकडनं ये" असं ओरडायला लागला. हे काय आहे म्हणून विचारलं तर म्हणाला, "मावशी, तुला नाही जमणार."

त्यानंतर सात महिन्यांनी मी त्याच मोबाइलवरच्या खेळात क्राउन टियरला, म्हणजे वरच्या एका पायरीला, पोचले. खेळणाऱ्यांच्या जगात ही काही मोठी मजल नाही. बंट्याचे मित्र दर सीझनला तिथे सहज जाऊन येतात. पण पंचेचाळिशीत, चष्मा लावून, दोन अंगठ्यांनी खेळायला बसलेल्या माणसासाठी लिहिलेलं मला तेव्हा काही सापडलं नव्हतं. सापडायचे ते विशीतल्या पोरांचे व्हिडिओ, आणि त्यांचं बोलणं कळेपर्यंत व्हिडिओ संपलेला असायचा. म्हणून हे तारीखवार लिहून ठेवते.

खेळ म्हणजे बीजीएमआय, बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया. शंभर जण विमानातून एका बेटावर रिकाम्या हाताने उतरतात. घराघरांत शिरून बंदूक, हेल्मेट, औषधं गोळा करायची. नकाशावरचं सुरक्षित वर्तुळ, ज्याला सगळे झोन म्हणतात, लहान लहान होत जातं. बाहेर राहिलात तर जीव झिजतो. शेवटी उरेल तो किंवा ती टीम जिंकली. पबजी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली, त्यानंतर क्राफ्टन कंपनीने जुलै २०२१ मध्ये भारतापुरता हा खेळ काढला. जुलै २०२२ मध्ये तोही स्टोअरवरून गेला आणि मे २०२३ च्या अखेरीस तीन महिन्यांच्या चाचणीवर परत आला. म्हणजे मी पडले तेव्हा खेळाला परत येऊन आठवडाच झाला होता, आणि पोरं उपाशी माणसासारखी त्यावर तुटून पडली होती.

११ जूनला बंट्याने माझ्या फोनवर खेळ चढवला. डाउनलोड काही जीबींचं आहे, वर प्रत्येक नकाशा वेगळा उतरवावा लागतो. शहाणपणा करून सगळे नकाशे घेऊ नका. सुरुवातीला एरँगल आणि लिव्हिक एवढे दोन पुरतात. मग वय अठराच्या वर की खाली, हा प्रश्न. मी वर, त्यामुळे दिवसाला सहा तास. बंट्या खाली, त्यामुळे तीन तास, आणि पालकाचा मोबाइल नंबर द्यायचा. त्याने त्याच दिवशी स्वतःचं खातंही नव्याने लावून घेतलं, तेव्हा बहिणीचा पुण्याहून फोन: "अगं, मला कसलातरी ओटीपी आलाय. बँकेचा आहे का? मी कुणाला सांगितला नाही हं!" तिची समजूत घालण्यात अर्धा तास गेला. खातं ज्या ईमेलला जोडाल त्याचा पासवर्ड कुठेतरी लिहून ठेवा. फोन बदलताना माझं तिथे अडलं होतं आणि दोन दिवस वाया गेले.

पहिल्या मॅचमध्ये मी पॅराशूटने समुद्रात उतरले. दुसऱ्या मॅचमध्ये एका घरात शिरले आणि बाहेर पडायचं दार सापडेना. तिसऱ्या मॅचमध्ये, १३ जूनला, मी जिंकले. पडद्यावर चिकन डिनर, म्हणजे जिंकल्याची पाटी, आठ जण फिनिश, आणि मी प्लास्टरचा पाय विसरून पलंगावर उठायला निघालेली. नवऱ्याला ऑफिसात फोन केला. सासूबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, "आठ जणांना मारलंस? बरं. चहा घेणार का?"

बंट्या थोडा वेळ गप्प बसला आणि मग हळूच म्हणाला, "मावशी, ते बॉट होते गं."

हे कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं. नवीन माणूस निराश होऊ नये म्हणून सुरुवातीच्या मॅचमध्ये संगणकाने चालवलेले खोटे खेळाडू भरलेले असतात. नावं अगदी माणसांसारखी. पण बॉट उघड्यावर उभा राहतो, गोळी लागली की आडोसा शोधायच्या ऐवजी तिथेच वळून वळून बघतो, नेम भलतीकडे धरतो आणि सरळ रेषेत पळतो. खरा माणूस गोळीचा आवाज आला की दिसेनासा होतो. टियर चढत जाल तसे बॉट कमी होतात. मी ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड हे सगळे टप्पे जवळजवळ बॉटांच्या जिवावर चढले आणि आपल्याला खेळ येतो असं जुलैच्या अखेरीपर्यंत मनापासून समजत होते.

मधल्या काळात खर्च झाला तो असा. माझ्या फोनला तीन जीबी रॅम होती. तो तापायचा, आणि नेमकं कुणीतरी समोर आलं की चित्र थिजायचं. ८ जुलैला नवऱ्याने नवी पेठेतून सहा जीबीचा जुना फोन आणला, ९,५०० रुपये. वायरचे इयरफोन ३५०; ब्लूटूथचे घरात होते, पण त्यात आवाज किंचित उशिरा येतो आणि इथे तेवढ्यात माणूस मरतो. घामाने अंगठे पडद्यावर चिकटतात म्हणून बोटांत घालायच्या कापडी टोप्या मिळतात, ६० रुपयांना. त्या घालून बसलेली मला बघून शेजारच्या काकूंनी भाजलं का म्हणून विचारलं होतं. जवळचा चष्मा १,८००; तो तसाही करायचाच होता. एकूण ११,७१०. खेळातले कपडे, बंदुकांचे रंग यांवर एक रुपया घातला नाही. कपड्यांनी गोळी कमी लागत नाही. फुकटात यूसी, म्हणजे खेळातले पैसे, देतो म्हणणाऱ्या लिंकवर तर मुळीच जाऊ नका; बंट्याच्या वर्गातल्या एकाचं खातं तसंच गेलं.

सेटिंगमध्ये मी चार गोष्टी बदलल्या. ग्राफिक्स स्मूथ आणि फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात ते, फोन देईल तेवढा जास्त. दार आपोआप उघडायचं चालू. कोणती वस्तू किती उचलायची याची मर्यादा ठरवली, नाहीतर पिशवी बँडेजने भरते. आणि डोकावून बघायची, म्हणजे पीकची, बटणं चालू केली. चार बोटांनी खेळायचा पंजा मी तीन आठवडे शिकायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. दोन अंगठ्यांनी क्राउनपर्यंत जाता येतं, हे अनुभवाने सांगते. गायरो, म्हणजे फोन हलवून नेम धरणं, मात्र शिकण्यासारखं आहे. ट्रेनिंग ग्राउंडवर रोज दहा मिनिटं, महिनाभर. पहिला आठवडा चक्कर येते.

१७ जुलैला प्लास्टर निघालं. महिनाअखेरीस मी प्लॅटिनमला, म्हणजे २,७०० गुणांच्या वर गेले आणि तिथे खरी माणसं भेटली.

काय सांगू! दोन दिवसांत ओळीने अकरा मॅच मी पहिल्या काही मिनिटांत मेले. कोण मारतंय हेच दिसायचं नाही. गोल्डपर्यंत लवकर मेलं तरी फारसं बिघडत नव्हतं. इथे प्रत्येक वेळी गुण वजा. एका मॅचमध्ये अनोळखी टीममधला एक पोरगा माझा आवाज ऐकून म्हणाला, "आंटी है रे, गेली मॅच." दुसऱ्याने त्याहून वाईट काही म्हटलं, ते इथे लिहीत नाही. त्या रात्री मी खेळ काढून टाकला होता. सकाळी परत घेतला. तेव्हापासून अनोळखी लोकांबरोबर माइक बंद ठेवते, आणि बोलण्याऐवजी नकाशावर खूण करायची व तयार संदेश पाठवायचे. बायकांनो, बिनधास्त म्यूट करा. त्याने खेळ अडत नाही.

माझी नोकरी हिशेबाची. चादरी-टॉवेलच्या कारखान्यात वीस वर्षं रोजकीर्द लिहिते. आकडे जुळेनासे झाले की आम्ही काय करतो? नोंदी बघतो. १ ऑगस्टला मुलाची अर्धी कोरी राहिलेली वही घेतली आणि रकाने आखले: तारीख, नकाशा, कुठे उतरले, कितवा नंबर, कशाने मेले. शेवटच्या रकान्यात सबब लिहायची नाही असं ठरवलं. "नेट गेलं" हे फक्त खरंच गेलं असेल तर.

२० ऑगस्टपर्यंत चाळीस नोंदी झाल्या. बेरीज केली तेव्हा कळलं ते असं: गर्दीच्या जागी उतरून सुरुवातीलाच मेले, १३ वेळा. उघडं मैदान ओलांडताना ९. मेलेल्याच्या मालाची पेटी उघडून बघताना ७. झोनच्या बाहेर राहून ५. पडलेल्या साथीदाराला उचलायला जाऊन ३. गाडीत २. आणि स्वतःच्याच हातबाँबने १.

मी महिनाभर नेम सुधारण्यात घालवला होता, आणि चाळीसपैकी बहुतेक वेळा गोळी झाडायची वेळच आली नव्हती. मी चुकीच्या जागी उभी होते, एवढंच. हा कागद फोटो काढून बंट्याला पाठवला. त्याचं उत्तर: "मावशी तू ऑडिट केलंस???"

तिथून पुढे मी एकेक रकाना कमी करायच्या मागे लागले.

तेरा सगळ्यात सोपे निघाले. एरँगल आठ बाय आठ किलोमीटरचं बेट आहे, आणि अर्धी जनता पोचिंकी, शाळा आणि दक्षिणेच्या मिलिटरी बेसवर उडी मारते. तिथे माल भरपूर, पण बंदूक हातात यायच्या आत कुणीतरी पाठीत गोळी घालतं. मी पूर्वेचं लिपोव्का, वरच्या कोपऱ्यातलं कामेश्की, स्टाल्बर अशी कडेची गावं धरली. विमानाचा मार्ग आधी बघायचा, गावावर खूण करायची, आणि खुणेचं अंतर सातशे-आठशे मीटर राहिलं की उडी मारून तोंड खाली. उतरताना मान फिरवून आजूबाजूला किती छत्र्या आहेत ते मोजायचं. दोनपेक्षा जास्त दिसल्या तर शेजारच्या वस्तीकडे वळायचं. उतरल्यावर पहिली दिसेल ती बंदूक घ्यायची. आवडती शोधत बसायचं नाही. पुढे मिळाली तर एम४१६, कारण ती हातात कमी उसळते. एकेएमचा मार जोरदार, पण माझ्या अंगठ्यांना ती आवरली नाही.

या कडेच्या गावांचा तोटा असा की झोन दुसऱ्या टोकाला पडला तर लांब चालावं लागतं. म्हणून तिथे बंदुकीच्या आधी गाडी बघून ठेवायची. आणि बेस वगैरे बेटाच्या दक्षिण तुकड्यावर असाल तर पुलावरून येणं टाळा, किंवा फार लवकर या. पुलावर लोक गाड्या आडव्या लावून वाट बघत बसतात.

मैदानाचे नऊ मात्र पुष्कळ दिवस गेले नाहीत. घाबरलेला माणूस सरळ पळतो, तशी मी पळायची. बंट्या पुण्याहून हेडफोनमधून ओरडायचा, "मावशी, झोप! झोप!" आणि मी भर शेतात आडवी व्हायची. नंतर समजलं की हा सल्लाही अर्धवटच आहे. आपल्याला आपल्याभोवती गवत दिसतं, पण लांबून बघणाऱ्याच्या पडद्यावर ते गवत उमटतच नाही. आपण हिरव्या सतरंजीवर झोपलेल्या बाईसारखे स्वच्छ दिसतो. मग कामाला आला तो धूर. स्मोकचा डबा नवे लोक उचलत नाहीत. मी आता तीन-चार घेतल्याशिवाय निघत नाही. तो आपल्या पायाशी फोडायचा नाही, आपण आणि गोळी मारणारा यांच्या मधोमध टाकायचा, दोन-तीन सेकंद पसरू द्यायचा आणि मग वाकडंतिकडं पळायचं. निघायच्या आधीच पुढचा आडोसा ठरवायचा: हे झाड, मग तो दगड, मग ती भिंत. आडोसा ठरला नसेल तर निघायचंच नाही.

आडोशाचा अजून एक फायदा. हा खेळ मागून बघायच्या दृश्यात खेळला तर कॅमेरा आपल्या उजव्या खांद्याच्या वर असतो. त्यामुळे भिंतीआड उभं राहूनही पलीकडचं दिसतं आणि पलीकडच्याला आपण दिसत नाही. झाडाच्या उजव्या बाजूने डोकावणं सोपं जातं, डावीकडून अंग जास्त उघडं पडतं. हे मला ऑक्टोबरात कळलं. तोपर्यंत मी खिडकीत तोंड काढून बघायची, गल्लीत भांडण लागल्यावर बघतात तशी.

कानांबद्दल. पावलांचा, गाडीचा, गोळीचा आवाज जवळ असेल तर छोट्या नकाशावरही खूण उमटते, कुठल्या दिशेला ते कळतं. घरात मिक्सर चालू असताना मला याचाच आधार. बंदुकीला सायलेन्सर लावला असेल तर ही गोळीची खूण दुसऱ्याला दिसत नाही, म्हणून मिळाला तर लावा. आणि घरात शिरल्यावर उगाच फिरू नका. तुम्हाला दुसऱ्याची पावलं ऐकू येतात, तशी त्यालाही तुमची.

झोनचे पाच आळसाचे होते. अजून वेळ आहे म्हणत मी घरं धुंडाळत बसायची. सुरुवातीच्या झोनचा मार हलका असतो, शेवटचे दोन-चार झोन मिनिटभरात संपवतात. आता मी वर्तुळ दिसलं की निघते आणि कडेच्या आत एखादं घर धरते, म्हणजे माझ्या पाठीला झोनची निळी भिंत आणि माणसं फक्त समोरून. जीव कमी असेल तर फर्स्ट एडने तो ७५ टक्क्यांपर्यंतच येतो. त्यापुढे एनर्जी ड्रिंक आणि पेनकिलर हळूहळू चढवतात. ते भरपूर प्यायलेले असलो तर पळण्याचा वेगही वाढतो. शेवटच्या झोनमध्ये शिरायच्या आधी एक-दोन डबे रिचवायचेच. सासूबाई विचारतात, "आज किती औषधं घेतलीस?"

७ ऑगस्टला कामावर परत रुजू झाले होते, त्यामुळे खेळ रात्री साडेआठ ते दहा. बंट्याचे तीन तास बऱ्याचदा नऊलाच संपायचे आणि तो ऐन लढाईत गायब व्हायचा. आमच्याकडे तेव्हा पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, आणि ते यायची वेळ कुणाच्या हातात नव्हती. गणपतीत एकदा आम्ही शेवटच्या नऊ जणांत होतो आणि खालून आरोळी आली, "पाणी आलं!" मी फोन ठेवला. टीमला मध्येच सोडलं की मेरिट नावाचे वर्तणुकीचे गुण कापले जातात, आणि ते फार घसरले तर टीमबरोबर खेळायला मिळत नाही. तीन वेळा पाणी आणि दोन वेळा लाइट यांनी माझे बरेच गुण खाल्ले. यावर उपाय एकच: पाण्याच्या दिवशी लिव्हिक. तो नकाशा दोन बाय दोन किलोमीटरचा, ५२ जणांचा, पंधरा-वीस मिनिटांत आटपतो.

मेल्यावर लगेच बाहेर पडू नका, हेही सांगून ठेवते. ज्याने मारलं त्याचा खेळ बघत बसता येतं. मी त्यातून जेवढं शिकले तेवढं व्हिडिओतून नाही. तो गोळी झाडल्यावर जागा बदलतो, पेटीकडे लगेच जात नाही, आधी धूर टाकतो, आधी औषध घेतो. क्वचित एखादा भिंतीपलीकडचं दिसत असल्यासारखा नेम धरतो; तिथे तक्रारीचं बटण दाबायचं आणि पुढची मॅच लावायची. मात्र दर वेळी मारणारा लबाडी करणाराच होता असं वाटायला लागलं तर वही उघडा.

दिवाळीत बंट्या आला. तोवर मी डायमंडला, ३,२०० च्या पुढे होते. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या रात्री आम्ही दोघं आणि त्याचे दोन मित्र एरँगलवर. रोझोक गावाजवळ तिघेही एका मिनिटात गेले. मी टेकडीच्या मागे, एकटी, दोन स्मोक आणि अर्धा जीव. पूर्वी मी त्यांना उचलायला धावले असते, आणि साथीदार उचलायला दहा सेकंद उघड्यावर बसावं लागतं. या वेळी बसून राहिले. समोरची टीम पेट्या उघडायला आली, लुटून गाडीने निघून गेली. त्यानंतर मी दोन मिनिटं अजून थांबले. बंट्या कानात तळमळत होता, "मावशी जा ना, माझं कार्ड उचल!" मग गेले, तिघांची कार्डं उचलली आणि पुढच्या रिकॉल टॉवरकडे गाडी काढली. तिथे काही वेळ उभं राहून साथीदारांना परत बोलावता येतं. तिघे विमानातून पुन्हा उतरले. मॅच आम्ही जिंकलो नाही, चौथे आलो. पण त्यांच्यातला एक, दाढी फुटलेला, माझ्या फराळाच्या ताटातली चकली उचलत म्हणाला, "मावशी, तुम्ही थांबलात ते भारी होतं." वहीत त्या दिवशी नोंद आहे: "मृत्यूचं कारण: झोन. थांबले ते बरोबर."

नंतर सीझन बदलला. सीझन साधारण दोन महिन्यांचा असतो आणि तो संपला की सगळ्यांना खाली उतरवतात. हे मला माहीत होतं, तरी स्वतःला गोल्डमध्ये बघून पोटात कसंतरी झालं. दोन महिन्यांचं काम बँकेने उलटं करून टाकावं तसं. ज्यांना टियर चढायची आहे त्यांनी सीझनच्या पहिल्या आठवड्यात खेळू नये, कारण तेव्हा वरचे सगळे पट्टीचे खेळाडू खाली आलेले असतात आणि आपल्यासारख्यांना पायदळी तुडवत वर जातात. मी दहा दिवस थांबले, फक्त ट्रेनिंग केलं.

डिसेंबर वहीप्रमाणे असा गेला: आठवड्याला पाच रात्री, रात्री दोन किंवा तीन मॅच, त्याहून जास्त नाही. ओळीने दोनदा लवकर मेले तर फोन चार्जिंगला लावायचा. तिसरी मॅच रागाने खेळली जाते आणि तिचे गुण हमखास वजा, हे तेवीस नोंदींतून दिसलं. बंट्याची बोर्डाची परीक्षा जवळ आली म्हणून बहिणीने त्याचा खेळ बंद केला. योग्यच केलं, पण माझी टीम मोडली. मी एकटीने सोलो खेळायला लागले. सोलोत उचलायला कुणी नाही, पण वाट बघायलाही कुणी नाही. गोळ्या दीडशे, फर्स्ट एड तीन, ड्रिंक पाच, स्मोक चार, बस. पिशवी हलकी, पाय मोकळे. मारामारी दिसली की पूर्वी जवळ जायची, आता लांबून वळसा. पहिल्या दहांत येण्याचे गुण एखाद-दोन जणांना मारण्याच्या गुणांपेक्षा जास्त मिळतात, म्हणून उगाच गोळी झाडायची नाही. बंट्या याला भित्र्यांचा खेळ म्हणतो. म्हणू दे.

७ जानेवारी २०२४, रविवार. होम मैदानावर गड्डा यात्रेचे पाळणे उभे राहायला लागले होते, मुलं बघायला गेलेली, घर शांत. क्राउनला, म्हणजे ३,७०० ला, एकोणीस गुण कमी होते. एरँगल, स्टाल्बरला उतरले, छत्री एकही नाही. डाव्या हाताच्या टेकडीवरून खाली, दोन झोन एका गोठ्यासारख्या घरात बसून काढले. शेवटच्या दहांत आले तेव्हा मी फक्त एकाला मारलं होतं. समोरच्या दगडामागे दोघांची लढाई झाली, एक पडला, दुसऱ्याला तिसऱ्याने मारलं, तिसरा झोनकडे पळाला. आठ उरले.

वीस मीटरवर दोन पेट्या. मागे लेव्हल तीनचं हेल्मेट चमकत होतं. माझं हेल्मेट लेव्हल एकचं, तेही फुटत आलेलं.

मी गेले.

पेटी उघडली आणि गोळी लागली. आठवा नंबर. पडद्यावर गुण जमा होत गेले, अधिक चोवीस, आणि मग ते क्राउनचं चिन्ह फिरत फिरत आलं. बंट्याला फोटो पाठवला, त्याचा फोन बहिणीकडे होता, तिचंच उत्तर आलं: "हे काय आहे? पाय कसा आहे?"

मी वही काढली. तारीख, एरँगल, स्टाल्बर, आठवा. शेवटच्या रकान्यात लिहिलं: पेटी.